दोन डब्यांच्या मधली जागा

अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे: अमेरिकेच्या रेल्वे इतिहासातले महत्त्वाचे टप्पे कोणते, आणि त्यांतलं आज नेमकं काय टिकून आहे? त्याचं म्हणणं असं, की जिथे वाचावं तिथे १८६९ साली पूर्व-पश्चिम मार्ग जुळताना ठोकलेला सोन्याचा खिळा भेटतो आणि गोष्ट तिथेच संपते.

मी चौतीस वर्षं रेल्वेच्या कॅरेज अँड वॅगन खात्यात काढली, त्यातली बरीच टीएक्सआर, म्हणजे ट्रेन एक्झामिनर म्हणून. गाडी सुटण्याआधी तिची चाकं, ब्रेक, डबे जोडणारं कपलिंग तपासायचं आणि ती धावायला लायक आहे अशी सही करून द्यायची, हे माझं काम. त्यामुळे माझं उत्तर त्या बाजूनेच येणार. अमेरिकेच्या रेल्वेने जगाला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट मला कुठल्या एका मार्गात दिसत नाही, ती जोडात दिसते. तिथे शेकडो खासगी कंपन्या होत्या. प्रत्येकीचे रूळ वेगळे, घड्याळ वेगळं, डबे वेगळे. एकीची वॅगन दुसरीच्या रुळांवरून, तिसरीच्या गाडीला लागून बिनधोक चालली पाहिजे, एवढं साधायला त्यांचं अर्धं शतक गेलं. त्या धडपडीत जे नियम ठरले आणि जी यंत्रं तयार झाली, ती आज कल्याणच्या यार्डातही उभी आहेत.

सुरुवातीचा काळ भरभर सांगतो. बाल्टिमोर अँड ओहायो कंपनीला १८२७ मध्ये सनद मिळाली आणि ४ जुलै १८२८ ला पायाचा दगड बसला. दगड बसवणारे चार्ल्स कॅरोल हे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी तेव्हा हयात असलेले एकमेव गृहस्थ. १८३० च्या नाताळात साउथ कॅरोलायनात ‘बेस्ट फ्रेंड ऑफ चार्ल्सटन’ हे इंजिन नियमित प्रवासी गाडी ओढू लागलं. पुढच्याच जूनमध्ये त्याचा बॉयलर फुटला. सेफ्टी व्हॉल्व्हच्या आवाजाला कंटाळून फायरमनने तो बंद करून ठेवला होता.

इंग्लंडकडे भांडवल होतं, म्हणून त्यांनी डोंगर फोडून सरळ मार्ग टाकले. अमेरिकेत अंतरं अफाट आणि पैसा कमी, म्हणून तिथले रूळ हलके आणि वळणं तीव्र. अशा वाटेवर ताठ इंजिन टिकेना. जॉन जर्व्हिस यांनी १८३२ मध्ये इंजिनाच्या पुढे वळणारी चार चाकांची बोगी दिली, आणि इंजिन वळणाला जणू वास घेत वळायला लागलं. त्याआधी, १८३० मध्ये, रॉबर्ट स्टीव्हन्स रूळ विकत घ्यायला बोटीने इंग्लंडला निघाले होते. वाटेत त्यांनी लाकडाचे तुकडे चाकूने तासून रुळाचा एक नवा आकार तयार केला: वर डोकं, मध्ये बारीक कंबर, खाली सपाट पाय. सपाट पायामुळे रूळ थेट स्लीपरवर बसतो आणि खिळ्याने धरता येतो. मुंबईच्या प्लॅटफॉर्मवरून खाली वाकून पाहिलंत तर ५२ किंवा ६० किलोच्या रुळाचा जो छेद दिसेल, तो त्या आकाराचाच वंशज आहे.

१८५१ ची एक घटना मात्र सोडवत नाही. एरी रेलरोडचे अधिकारी चार्ल्स मिनो यांची गाडी एकेरी मार्गावर समोरच्या गाडीची वाट बघत खोळंबली होती. त्यांनी पुढच्या स्टेशनला तार करून समोरची गाडी तिथेच थांबवायला सांगितलं आणि आपल्या ड्रायव्हरला निघायचा हुकूम दिला. ड्रायव्हर तारेवर विश्वास ठेवायला तयार होईना. शेवटी मिनो स्वतः इंजिनावर चढले आणि गाडी पुढे नेली. गाड्यांचं नियंत्रण दूर बसलेल्या माणसाने तारेवरून करायचं, ही पद्धत तिथून रूढ झाली. आजचा आपला सेक्शन कंट्रोलर त्याच कामाच्या खुर्चीवर बसलेला असतो.

आता सोन्याचा खिळा. १ जुलै १८६२ ला, यादवी युद्ध चालू असताना, लिंकन यांनी पॅसिफिक रेलरोड कायद्यावर सही केली. सेंट्रल पॅसिफिकने सॅक्रामेंटोहून पूर्वेकडे यायचं आणि युनियन पॅसिफिकने ओमाहाहून पश्चिमेकडे जायचं. सरकारने दर मैलामागे जमीन आणि कर्जरोखे द्यायचे. सपाटीवर मैलाला १६,००० डॉलर, डोंगरात ४८,०००. जमीन आधी मैलामागे ६,४०० एकर होती, १८६४ मध्ये ती दुप्पट केली. ही जमीन बुद्धिबळाच्या पटासारखी दिली गेली, एक चौरस कंपनीला आणि शेजारचा सरकारला. तो पट वायोमिंग आणि नेवाडाच्या नकाशावर आजही दिसतो आणि मधल्या चौरसात जायचं कुणाच्या जमिनीतून, यावर वाद होतात. ती जमीन शायेन, लाकोटा, पॉनी, शोशोन अशा लोकांची होती. ज्या रेल्वेने वस्ती आणली तिनेच त्यांच्या पोटापाण्याचे बायसन संपवायला शिकारी आणले. टप्पे मोजताना हाही मोजलाच पाहिजे.

सिएरा नेवाडाचा डोंगर फोडला तो मुख्यतः चिनी मजुरांनी. दहा हजारांच्या वर माणसं कामावर होती. माथ्यावरचा समिट बोगदा १,६५९ फुटांचा, पण ग्रॅनाइट इतका कठीण की दिवसाला फूट-दीड फूट सरकलं तरी खूप. म्हणून मधोमध उभी विहीर खणली आणि दोन तोंडांऐवजी चार तोंडांनी काम सुरू केलं. सुरुंगाला काळी दारू पुरेना म्हणून नायट्रोग्लिसरीन जागेवरच बनवायचे. जून १८६७ मध्ये या मजुरांनी गोऱ्यांइतका पगार आणि कामाचे कमी तास मागत संप केला. कंपनीने डोंगरात शिधा पोचवणं बंद केलं आणि आठवडाभरात संप मोडला. कंपनीच्या वेतनपटात यांच्यातल्या बहुतेकांची स्वतःची नावंसुद्धा नाहीत, टोळीच्या मुकादमाचं नाव आणि रक्कम एवढंच. २८ एप्रिल १८६९ ला एका दिवसात दहा मैल रूळ टाकण्याचा विक्रम झाला. त्या दिवशी रूळ उचलणाऱ्या आठ आयरिश मजुरांची नावं मात्र नोंदलेली आहेत. आणि १८८२ मध्ये त्याच देशाने चिनी मजुरांना दार बंद करणारा कायदा केला.

हे वाचताना मला आपला बोरघाट आठवतो. सॅक्रामेंटोत कामाची पहिली कुदळ पडली ती जानेवारी १८६३ मध्ये, आणि बोरघाटातून गाडी सुरू झाली तीही १८६३ मध्येच. काळ्या पाषाणातले पंचवीस बोगदे, सदतिसास एक असा चढ, आणि पटकी-तापाने दरीत राहिलेले हजारो मजूर, ज्यांची नावं कुठल्या फलकावर नाहीत. कर्जतला घाट चढायला मागून रेटणारं बँकर इंजिन लागताना मी कित्येकदा त्या उताराकडे पाहत उभा राहिलोय. त्या माणसांची आठवण आली नाही असं फारसं झालं नाही.

१० मे १८६९ ला युटातल्या प्रोमोंटरी समिट इथे ‘ज्युपिटर’ आणि ‘११९’ ही दोन इंजिनं समोरासमोर आली, खिळा ठोकला गेला आणि तारेवरून देशभर एकच शब्द गेला, ‘झालं’. पण त्या दिवशी किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत सलग रूळ नव्हतेच. ओमाहाला मिसुरी नदीवर पूल नव्हता, तो १८७२ मध्ये झाला. तोवर नदी नावेने ओलांडायची. शिवाय मिसुरीच्या पूर्वेला आणि दक्षिणेला गेजचा, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचा, गोंधळ होता.

या गोंधळाचा अर्थ मला लहानपणी कळला. माझं आजोळ मिरजेचं. त्या काळी मिरजेला कुर्डुवाडीकडून येणारी बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी लाइन होती आणि पुण्याकडे जाणारी मीटर गेज. दोन गाड्या फलाटाच्या दोन बाजूंना उभ्या, आणि मधे हमालांची रांग पाठीवर पोती घेऊन याच्यातून त्याच्यात, याच्यातून त्याच्यात. पोतं फाटलं की ज्वारी सांडायची आणि बायका ती सुपात भरून न्यायच्या. माल तोच, जायचं ठिकाण तेच, तरी अर्धा दिवस त्या वीस पावलांत जायचा.

अमेरिकेत हीच गत साऱ्या देशाची होती. एरीची लाइन सहा फुटी, दक्षिणेतली बहुतेक पाच फुटी, उत्तरेत ४ फूट साडेआठ इंच. लिंकन यांनी पॅसिफिक मार्गाला आधी पाच फूट ठरवलं होतं, पण १८६३ मध्ये काँग्रेसने कायद्याने ४ फूट साडेआठ इंच केलं आणि तिथे पारडं फिरलं. तरी दक्षिण आपल्या पाच फुटांवर आणखी तेवीस वर्षं अडून राहिली.

मग १८८६ चं ते काम झालं, जे माझ्या मते प्रोमोंटरीपेक्षा मोठं आहे. ३१ मे आणि १ जून या दोन दिवसांत दक्षिणेतले सुमारे ११,५०० मैल मार्ग पाच फुटांवरून ४ फूट ९ इंचांवर आणले गेले. हे ४ फूट ९ इंच पेनसिल्वेनिया रेलरोडचं माप, ठरलेल्या मापापेक्षा अर्धा इंच जास्त. चाकांना तेवढी सूट चालते, म्हणून डबे दोन्हीकडे फिरू शकत. पुढे नेहमीच्या देखभालीत तो अर्धा इंचही गेला.

केलं कसं? दोन रुळांपैकी एकच हलवायचा, तीन इंच आत. आधीचे कित्येक आठवडे गँगमन नव्या जागेचे आतल्या बाजूचे खिळे स्लीपरमध्ये ठोकून ठेवत होते. जुन्या जागेचे खिळे गाडी चालण्यापुरते ठेवून बाकीचे उपटून टाकले होते. ठरलेल्या पहाटे वाहतूक थांबली. टोळ्यांनी उरलेले खिळे काढले, रूळ ढकलून नव्या खिळ्यांना भिडवला, बाहेरून खिळे ठोकले आणि पुढे सरकल्या. त्याच वेळी कारखान्यांत चाकं ॲक्सलवर आत दाबून बसवली जात होती. इंजिनांचं काम जास्त किचकट, ते कित्येक महिने आधी आणि नंतरही चाललं. आपल्याकडे एखादा मोठा ब्लॉक घेतला तरी किती महिन्यांची तयारी लागते हे ज्याने पाहिलंय, त्याने या दोन दिवसांसमोर टोपी काढावी. सगळे मार्ग एकाच गेजवर आणण्याचा आपला ‘युनिगेज’ प्रकल्प १९९२ मध्ये सुरू झाला, आणि मिरजेला पंढरपूरकडून ब्रॉडगेज यायला २०११ उजाडलं. आपलं काम वेगळं होतं हे मान्य, लहान लाइनचे पूल, भराव, सगळंच नव्याने करावं लागलं. पण सगळ्यांनी एकाच दिवशी हलायचं ठरवलं की काय होऊ शकतं, ते १८८६ मध्ये दिसलं.

गेजच्या तीन वर्षं आधी घड्याळं जुळली होती. प्रत्येक गावाची वेळ सूर्यावर, प्रत्येक कंपनीची वेळ तिच्या मुख्यालयावर, अशा पन्नासेक रेल्वे-वेळा देशात चालत. याची किंमत माणसं मोजत. १२ ऑगस्ट १८५३ ला ऱ्होड आयलंडमधल्या व्हॅली फॉल्स इथे एकेरी मार्गावर दोन गाड्या धडकल्या आणि १४ माणसं गेली. कंडक्टरचं घड्याळ दोन मिनिटं मागे होतं. अखेर विल्यम ॲलन यांनी आखलेली पट्ट्यांची योजना कंपन्यांनी मान्य केली आणि १८ नोव्हेंबर १८८३ च्या रविवारी दुपारी देशभरच्या स्टेशनांवर घड्याळं लावून घेतली गेली. सरकारचा कायदा नव्हता, काही नव्हतं. कायदा १९१८ मध्ये आला, म्हणजे पस्तीस वर्षं देश रेल्वेच्या वेळेवर चालला. आपल्याकडे रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालायची. १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, पण मुंबईने आपली एकोणचाळीस मिनिटं मागची ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत सोडली नव्हती. मुंबईकर कसा असतो ते यावरून कळतं.

आता माझ्या विषयाकडे येतो, दोन डब्यांच्या मधल्या जागेकडे.

अमेरिकेत १८८० च्या दशकापर्यंत मालगाड्या ‘कडी आणि पिन’ पद्धतीने जोडत. एका डब्याच्या खोबणीत लोखंडी कडी, समोरच्या खोबणीत ती शिरली की वरून पिन टाकायची. इंजिन डबा मागे ढकलतंय, आणि ब्रेकमन मधे उभा राहून एका हाताने कडी धरून नेम साधतोय. नेम चुकला की बोटं गेली. एका हाताला दोन बोटं कमी असली की नोकरी मागायला आलेला माणूस अनुभवी आहे हे फोरमन ओळखायचा. ब्रेकही हाताचेच. चालत्या मालगाडीच्या टपावरून, पाऊस असो की बर्फ, एका डब्यावरून दुसऱ्यावर उडी मारत चक्रं फिरवायची.

जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८६९ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, हवेच्या ब्रेकचं पेटंट घेतलं. पहिली रचना सरळ होती: इंजिनात हवा दाबायची, नळीने ती डब्यांकडे सोडायची, ब्रेक लागतात. दोष असा, की नळी फुटली की ब्रेकच नाही. १८७२ मध्ये त्यांनी सगळा विचार उलटा केला. नळी सतत भरलेली ठेवायची. प्रत्येक डब्याखाली स्वतःची हवेची टाकी आणि एक ट्रिपल व्हॉल्व्ह. नळीतला दाब कमी झाला की व्हॉल्व्ह टाकीतली हवा ब्रेक सिलिंडरमध्ये सोडतो. म्हणजे नळी फुटली, गाडी तुटली, काहीही झालं, तर ब्रेक आपोआप लागतात. बिघाड झाला की यंत्र सुरक्षित बाजूला पडलं पाहिजे, हे तत्त्व इतक्या साध्या रूपात मला दुसरीकडे क्वचितच दिसलं. १८८६-८७ मध्ये बर्लिंग्टन इथे पन्नास वॅगनच्या गाडीवर चाचण्या झाल्या तेव्हा पुढचे ब्रेक आधी लागून मागचे डबे पुढच्यांवर आदळू लागले. वेस्टिंगहाउस परत गेले आणि दाबाची घट नळीतून शेवटच्या डब्यापर्यंत झटकन पोचवणारा व्हॉल्व्ह घेऊन आले.

आपल्याकडे मी नोकरीला लागलो तेव्हा व्हॅक्यूम ब्रेक होते. नळीतली हवा ओढून घ्यायची, आणि बाहेरच्या हवेच्या दाबावर ब्रेक लागायचे. त्या दाबाला मुळातच मर्यादा. लांब मालगाडीला शेवटच्या डब्यापर्यंत व्हॅक्यूम पुरेसं मिळवता मिळवता जीव जायचा, कुठल्या तरी होजमधून गळती असायचीच. १९८० च्या दशकात बॉक्स-एन वॅगन एअर ब्रेक घेऊन आल्या. पहिल्यांदा अठ्ठावन्न वाघिणींच्या गाडीच्या शेवटी उभा राहून गेजवर पाच किलोचा दाब पाहिला, पुढे ड्रायव्हरने ब्रेक मारला आणि माझ्या समोरचा पिस्टन सपकन बाहेर आला, तो क्षण मला अजून लख्ख आठवतो.

कपलरचा शोध ईलाय जॅनी यांचा, पेटंट १८७३ चं. ते व्हर्जिनियात दुकानात कारकून होते, इंजिनिअर नव्हते. त्यांची कल्पना समजून घ्यायची तर दोन्ही हातांची बोटं अर्धी वाकवा, हात समोरासमोर आणा आणि बोटं एकमेकांत अडकवा. तोच जॅनी कपलर. डबे एकमेकांवर आले की नकल, म्हणजे ते वाकलेलं लोखंडी बोट, आपोआप मिटते आणि आतली कळ पडते. सोडवायला बाजूचं हँडल उचलायचं. माणसाला मधे जावंच लागत नाही.

शोध लागला म्हणून लगेच कुणी बसवला नाही. खर्च कंपन्यांचा, बोटं मजुरांची. आयोवाचे लॉरेन्झो कॉफिन यांनी वर्षानुवर्षं सभा, चर्च, विधानसभा पालथ्या घातल्या. अखेर २ मार्च १८९३ ला राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी सेफ्टी अप्लायन्स कायद्यावर सही केली: एअर ब्रेक, आपोआप जुळणारे कपलर आणि धरायला दांडे सक्तीचे. १८९३ च्या वर्षात कपलिंग करताना ४३३ कामगार मेले आणि ११,२७७ जखमी झाले होते. १९०२ मध्ये हे आकडे १६७ आणि २,८६४ वर आले. तोवर कामगारांची संख्या वाढलेली होती.

आणि आता तो प्रसंग, ज्यासाठी मी प्रोमोंटरीला परत येतो. ऑगस्ट १९०० मध्ये, सोन्याचा खिळा ठोकलेल्या त्याच गावी, जॉन्सन नावाच्या ब्रेकमनला इंजिन एका डायनिंग कारला जोडायला सांगितलं. इंजिनाला जॅनी कपलर होता, डायनिंग कारला ‘मिलर हुक’. दोन्ही आपापल्या जातीत आपोआप जुळणारे, एकमेकांशी मात्र जुळत नव्हते. जॉन्सनला मधे जावं लागलं. त्याचा हात सापडला आणि मनगटाच्या वरून कापावा लागला. खालच्या न्यायालयांनी कंपनीच्या बाजूने निकाल दिला. कायद्यात ‘डबा’ म्हटलंय, इंजिन नाही, आणि दोन्ही कपलर स्वयंचलित आहेतच, असं त्यांचं म्हणणं. १९०४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे फिरवलं: कायद्याचा हेतू माणूस मधे जाऊ नये हा आहे, म्हणून कपलर एकमेकांशी जुळलेच पाहिजेत, आणि इंजिनही त्यातून सुटत नाही. माझ्या लेखी अमेरिकन रेल्वेचा खरा शेवटचा खिळा हा निकाल आहे.

हे मी इतक्या पोटतिडकीने का सांगतो? नोकरीच्या पाचव्या वर्षी, पावसाळ्यात, रात्री, एका यार्डात माझ्यासमोर एक पॉइंट्समन बफरखालून वाकून स्क्रू कपलिंग लावायला आत गेला. ते जड धूड उचलून हुकावर टाकायचं आणि मग स्क्रू आवळायचा. इशारा चुकीचा समजला गेला आणि इंजिन हातभर मागे आलं. तो वाचला, उजवा पंजा राहिला नाही. नंतर त्याला लाइट ड्यूटी मिळाली, तो डाव्या हाताने नोंदवहीत सही करायला शिकला. ही घटना जॉन्सनच्या ऐंशी-एक वर्षांनंतरची. आपल्या मालवाहू वॅगनना सेंटर बफर कपलर, म्हणजे सीबीसी, १९६० च्या आसपास येऊ लागले होते, पण प्रवासी डब्यांना स्क्रू कपलिंगच कितीतरी काळ राहिलं. डेक्कन क्वीनला २०२२ मध्ये एलएचबी, म्हणजे जर्मन बनावटीच्या नमुन्याचे नवे डबे लागले. त्यांच्या टोकाला जो जाडजूड लोखंडी पंजा दिसतो तो अमेरिकन रेलरोड असोसिएशनच्या नमुन्याचा, म्हणजे जॅनींच्याच घराण्यातला.

बाकीचे टप्पे थोडक्यात, कारण त्यांवर माझ्यापेक्षा जाणते लोक आहेत. १८७७ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्ग इथे पगारकपातीवरून सुरू झालेला संप देशभर पेटला. १८८७ मध्ये इंटरस्टेट कॉमर्स कमिशन आलं, खासगी धंद्याचे दर पाहणारी केंद्र सरकारची पहिली नियामक संस्था. होमर प्लेसी १८९२ मध्ये लुइझियानात गोऱ्यांच्या डब्यात बसले म्हणून पकडले गेले, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १८९६ च्या निकालाने ‘वेगळे पण समान’ या नावाखाली वर्णभेदाला कायद्याचं छत मिळालं. त्याच रेल्वेत पुलमन कंपनीच्या शयनयान डब्यांतल्या कृष्णवर्णीय पोर्टरांनी १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली संघटना बांधली, १९३७ मध्ये कंपनीकडून करार मिळवला, आणि पुढच्या नागरी हक्क चळवळीला कार्यकर्ते पुरवले.

१९१६ च्या सुमारास मार्ग अडीच लाख मैलांवर गेले, तिथून उतार. महामार्ग आणि विमानांनी प्रवासी नेले. १९७० मध्ये पेन सेंट्रल या बड्या रेल्वे कंपनीचं दिवाळं निघालं, १९७१ मध्ये प्रवासी गाड्यांसाठी ॲमट्रॅक ही सरकारी पाठबळाची कंपनी उभी राहिली. १९८० च्या स्टॅगर्स कायद्याने दर ठरवण्याची मोकळीक मिळाली आणि मालवाहतूक सावरली. मला त्यात एक गोष्ट खटकते. मोकळीक मिळाल्यावर कंपन्या आधी मार्ग कमी करतात आणि मग माणसं.

डिझेलची गोष्ट आपल्याही घरची आहे. अल्को कंपनीचं डिझेल १९६२ पासून डब्ल्यूडीएम-२ म्हणून भारतात आलं, १९६४ पासून वाराणसीत बनू लागलं. पुणे आणि कल्याणच्या शेडमध्ये आमची अर्धी हयात त्याच्या धुरात गेली. अल्कोने १९६९ मध्ये इंजिनं बनवणं थांबवलं, वाराणसीने तो नमुना पुढे कित्येक दशकं चालवला. एकावर एक कंटेनर ठेवून नेण्याची पद्धतही तिकडची, १९८४ पासून नियमित. आपल्या पश्चिम मालवाहतूक मार्गावर विजेच्या तारा उंच करून आपण ती घेतली.

शेवटचा टप्पा अगदी ताजा आहे. ३ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री ओहायोतल्या ईस्ट पॅलेस्टाइन इथे मालगाडीच्या ३८ वॅगन घसरल्या. विषारी रसायनांच्या टाक्या पेटल्या, गाव रिकामं करावं लागलं. कारण एका चाकाचं तापलेलं बेअरिंग. आम्ही त्याला हॉट ॲक्सल म्हणतो. टीएक्सआरला पहिल्या वर्षी शिकवतात, की गाडी यार्डात येत असताना बाजूला उभं राहून प्रत्येक चाकाचा आवाज ऐकायचा, थांबल्यावर ॲक्सल बॉक्सला हाताची मागची बाजू लावून पाहायची. तळहात लावायचा नाही, कारण भाजला तर काम अडतं. अमेरिकेत हे काम बहुतांशी रुळाशेजारचे डिटेक्टर करतात. त्या रात्री पहिल्या डिटेक्टरने ते बेअरिंग बाहेरच्या हवेपेक्षा ३८ अंश फॅरनहाइट जास्त तापलेलं नोंदवलं. दहा मैलांनी, सेलम गावाजवळ, १०३ अंश. दोन्ही आकडे गाडी थांबवण्याच्या मर्यादेच्या आत होते, म्हणून ड्रायव्हरला काही कळलं नाही. तिसऱ्या डिटेक्टरवर २५३ अंश आले आणि धोक्याची घंटा वाजली, पण तोवर बेअरिंग संपलेलं होतं. सेलमनंतरचा तो डिटेक्टर जवळजवळ वीस मैलांवर होता.